मॉडिफाय केलेली जुनी बुलेट घेताय किंवा विकताय? टीटी फॉर्मवरची सही पुरेशी नाही

समजा, सोलापुरात होटगी रोडवर राहणाऱ्या एका तरुणाला व्हॉट्सॲप स्टेटसवर एक बुलेट दिसते. मॅट काळा रंग, मागचं मडगार्ड कापलेलं, रुंद टायर, उंच हँडल आणि 'इंदोरी' सायलेन्सर. संध्याकाळी सात रस्त्याजवळ चहाच्या टपरीवर भेट ठरते. एक फेरी मारून होते, थोडी घासाघीस होते. पैसे दिले जातात आणि विकणारा टीटी फॉर्मवर सही करून देतो. "नावावर कधीही करून घे रे, घाई नाही," असं म्हणून किल्ली हातात ठेवतो.

व्यवहार झाला असं दोघांनाही वाटतं. कायद्याच्या नजरेत मात्र तो अर्धाच झालेला असतो. पुढच्या काही महिन्यांत त्या बुलेटचा अपघात झाला, ती नाकाबंदीत अडकली किंवा आणखी तिसऱ्याला विकली गेली, तर आधी अडचणीत येतो तो विकणारा. गाडीतले बदल नियमात बसत नसतील तर घेणाराही सुटत नाही.

जुनी दुचाकी घरगुती व्यवहारात विकणं बेकायदेशीर नाही, अवघडही नाही. पण गाडी मॉडिफाय केलेली असेल तर दोन वेगळे प्रश्न एकत्र येतात. गाडी नेमकी कुणाची आहे? आणि रस्त्यावर उभी असलेली गाडी ही आरसी बुकात लिहिलेलीच गाडी आहे का?

गाडी विकली, पण नाव तेच राहिलं तर?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार गाडी विकल्यावर दोघांवरही जबाबदारी येते. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात गाडी विकली असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्यानं ३० दिवसांत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. यांनाच बोलीभाषेत टीटी फॉर्म म्हणतात.

गडबड इथेच होते. सही केलेले फॉर्म घेणाऱ्याच्या कपाटात पडून राहतात. पुन्हा विकताना सोपं जावं म्हणून काही जण मुद्दाम नाव बदलत नाहीत. गाडी तीन-चार हात फिरते आणि आरटीओच्या नोंदीत मालक पहिलाच राहतो.

यावर सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात स्पष्ट निकाल दिला. २००९ मध्ये एका कारच्या धडकेत एका मुलाचा जीव गेला होता. नोंदणीतल्या मालकानं ती कार २००७ मध्येच विकली होती आणि पुढे ती हातोहात विकली गेली. उच्च न्यायालयानं शेवटी गाडी ज्याच्याकडे होती त्याला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते बदललं. नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं न्यायालयानं सांगितलं. अपघातात घरातलं माणूस गमावलेल्या कुटुंबानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत बसावं, अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागचा विचार आहे.

ही गोष्ट कारची असली तरी नियम दुचाकीलाही लागू आहे. बुलेटचा विमा संपलेला असेल आणि अपघातात कुणी दगावलं, तर भरपाईची रक्कम लाखांत जाते. ती मागणारी नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर येते, मग गाडी विकून दोन वर्षं झालेली का असेनात.

बदल कोणते चालतात, कोणते नाही?

दुसरा प्रश्न मॉडिफिकेशनचा. याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीनं मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. राज्याचे नियम काहीही म्हणत असले तरी कंपनीचे मूळ तपशील बदलणारा फेरफार चालणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण कायद्यातल्या 'बदल' या शब्दाचा अर्थ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा, रचनेतला बदल असा आहे. त्यामुळे सीट कव्हर, क्रॅश गार्ड किंवा हँडलची ग्रिप बदलली म्हणजे गुन्हा झाला असं नाही. व्यवहाराच्या सोयीसाठी बदलांचे तीन गट करता येतात.

पहिला गट, बोल्ट खोलून परत पूर्ववत करता येणारे बदल. सीट, कॅरिअर, ग्रिप, मोबाइल होल्डर. यांची फारशी चिंता नाही.

दुसरा गट, कागदावर नोंद लागणारे बदल. रंग आरसीत लिहिलेला असतो. लाल गाडी मॅट काळी केली असेल तर ती नोंद बदलून घ्यावी लागते. इंजिन बदललं असेल तर आरटीओची मंजुरी आणि आरसीत नवा इंजिन नंबर, दोन्ही हवेत.

तिसरा गट, कागदावर बसूच न शकणारे बदल. चेसिस कापून बॉबर करणं, मोकळा सायलेन्सर, आरसे आणि इंडिकेटर काढून टाकणं, समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे, फॅन्सी नंबर प्लेट. अशा गाडीवर नाकाबंदीत कधीही कारवाई होऊ शकते.

सायलेन्सरचा विषय तर सगळ्यांना ऐकू येतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे आणि ती गाडी तयार होतानाच पाळावी लागते. सायलेन्सरची आतली जाळी काढून फटाके फोडणारी बुलेट त्यात बसत नाही. प्रदूषण आणि आवाजाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९०(२) लागतं. पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. हे कलम गाडी चालवणाऱ्याला लागतं. त्यामुळे 'सायलेन्सर आधीच्या मालकानं बसवला होता' ही सबब उपयोगाची नाही.

आरएक्स १०० आणि 'ब्लॉक बदललाय' प्रकरण

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन भारतात १९८५ ते १९९६ या काळात झालं. तिची क्रेझ अजूनही टिकून आहे, म्हणून चांगल्या गाडीला आजही तगडी किंमत मागितली जाते. पण अनेक गाड्यांत आरएक्स १३५ चा ब्लॉक किंवा अख्खं इंजिनच बसवलेलं असतं. आरसीवर ९८ सीसी आणि प्रत्यक्षात १३२ सीसी. पिकअप भारी मिळतो, पण नाव बदलताना किंवा नोंदणीचं नूतनीकरण करताना इंजिन नंबर जुळला नाही तर फाइल तिथेच थांबते.

अशा जुन्या गाडीत वयाचा मुद्दाही असतो. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. शुल्कही वाढलं आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या दुचाकीसाठी ते १ हजार रुपये झालं. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी ते २ हजार रुपये करण्यात आलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. कापलेलं मडगार्ड आणि मोकळा सायलेन्सर घेऊन गेलेली गाडी या तपासणीत नापास होण्याचीच शक्यता जास्त.

'व्हिंटेज आहे, चालतंय' असंही ऐकवलं जातं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज दर्जा ५० वर्षांवरच्या गाडीलाच मिळतो आणि तोही ती मूळ रूपात असेल तरच. चेसिस कापलेली जुनी येझदी किंवा बुलेट कितीही देखणी असली तरी त्यात बसत नाही.

गाडी बघायला जाताना काय तपासायचं?

सगळ्यात आधी गाडी नाही, नंबर बघायचे. दिवसाउजेडी जायचं. चेसिस नंबर सहसा हँडलच्या खाली मानेवर कोरलेला असतो आणि इंजिन नंबर इंजिनाच्या केसिंगवर. दोन्ही आरसीशी एकेक आकडा लावून पाहायचे. नंबरावर जाड रंग, घासल्याच्या खुणा, वेल्डिंग किंवा वाकडेतिकडे आकडे दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी तिथून निघायचं. कस्टम गाडीत नव्या रंगाखाली अशा खुणा सहज झाकल्या जातात. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तसा ठसा तिथेच काढून घेता येतो.

मग मोबाइल काढायचा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मुदत, विमा आणि पीयूसीची माहिती दिसते. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर थकलेला दंड कळतो. हा दंड गाडीच्या नंबरावर असतो, त्यामुळे व्यवहारानंतर तो नव्या मालकाच्या डोक्याला ताप होतो. गाडी चोरीची नोंदलेली आहे का, हे केंद्र सरकारच्या डिजिटल पोलिस पोर्टलवर तपासता येतं. चोरीची गाडी आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना ती घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

आरसीवर बोजा आहे का, तेही पाहायचं. गाडी कर्जावर घेतली असेल तर फायनान्स कंपनीचं नाव आरसीवर असतं. हप्ते फिटले एवढं तोंडी सांगणं पुरत नाही. कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा आरसीवरून उतरवावा लागतो. तो विकणाऱ्यानंच उतरवून द्यावा, हे उत्तम.

शेवटी माणूस. समोर उभा असलेला आणि आरसीवरचा, दोघं एकच आहेत का? "गाडी मित्राची आहे, मी बघतो सगळं" असं उत्तर आलं तर आरसीवरच्या मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय इसारही देऊ नये. ऑनलाइन जाहिरातींत 'आपण लष्करात आहोत, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय' असं सांगून आधी ट्रान्सपोर्टचे पैसे मागायचे, हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. आणि विकणाऱ्यानं लक्षात ठेवायचं की, पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

वडिलांच्या नावावरची बुलेट

घरातली जुनी बुलेट किंवा राजदूत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. ते हयात नसतात, पण गाडी मुलगा फिरवत असतो आणि एक दिवस विकायला काढतो. अशा गाडीच्या टीटी फॉर्मवर मुलाच्या सहीला अर्थ नसतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची असते. मृत्यूचा दाखला लागतो, इतर वारसांची संमती लागते. भावंडांपैकी एकाचा विरोध असला तरी व्यवहार अडकतो. म्हणून अशा गाडीचा इसार वारसाचं नाव आरसीवर चढल्यावरच द्यावा.

केए पासिंगची गाडी स्वस्त का वाटते?

सोलापूरहून विजयपूर किंवा कलबुर्गी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. त्यामुळे केए २८ आणि केए ३२ च्या गाड्यांचे सौदे इथे नवे नाहीत. जाहिरातीतली किंमत कमी वाटते, पण हिशेब तिथे संपत नाही. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणावी लागते. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात राहणार असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा मागण्याची धावपळ वेगळी. नव्या नोंदणीच्या वेळी गाडी तपासली जाते, म्हणजे मॉडिफिकेशनचा प्रश्न पुन्हा समोर येतो. एमएच १३, अकलूजची एमएच ४५ किंवा धाराशिवची एमएच २५ घेतली तर राज्य तेच असल्यामुळे नंबर बदलत नाही.

किंमत कशी ठरवायची?

मॉडिफिकेशनवर ओतलेला पैसा विकताना परत मिळत नाही, हे विकणाऱ्यानं आधीच मान्य केलेलं बरं. एकाच्या आवडीचा रंग दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपू शकतो. मुंबईच्या वर्देंची किंवा पुण्याच्या ऑटोलॉग डिझाइनसारख्या नावाजलेल्या कारागिरांच्या कामाला वेगळं गिऱ्हाईक मिळू शकतं. गल्लीतल्या गॅरेजमध्ये जमवलेल्या गाडीचं तसं नसतं.

हिशेब असा करता येतो. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या मूळ रूपातल्या गाडीचा बाजारभाव घ्यायचा. त्यातून गाडी नियमात आणण्याचा खर्च वजा करायचा. खरोखर उपयोगी पार्टचे थोडे पैसे त्यात मिळवायचे. उदाहरणादाखल, मूळ रूपातली गाडी १ लाख १० हजारांना जात असेल. कंपनीचा सायलेन्सर, मडगार्ड, आरसे, इंडिकेटर बसवायला १४ हजार लागणार असतील. नवे टायर आणि क्रॅश गार्डचे ५ हजार धरले. मग वाजवी किंमत येते १ लाख १ हजार. विकणारा '४० हजारांचं काम केलंय' म्हणून दीड लाख मागत असेल, तर त्याच्या हौसेचे पैसे त्यानं भरले आहेत, एवढंच लक्षात ठेवायचं.

काढलेले मूळ पार्ट जपून ठेवलेले असतील तर दोघांचा फायदा. कंपनीचा सायलेन्सर आणि सीट सोबत देणाऱ्याची गाडी लवकर खपते. चेसिस कापलेली असेल तर मात्र कुठलाही पार्ट ती परत जोडून देत नाही. आरटीओत आणि रस्त्यावर, दोन्हीकडे सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो. फ्रेमवरची कच्ची वेल्डिंग वेगात सुटली तर दंडाचा प्रश्नच उरत नाही, जिवाचा उरतो.

व्यवहाराच्या दिवशी काय करायचं?

शक्यतो पैसे आणि अर्ज एकाच दिवशी. आधारवर आधारित ओटीपीनं परिवहन पोर्टलवर अर्ज करता येतो. दोघं एकत्र बसून तो भरून पावती घेतील, तर विश्वासाचा प्रश्नच येत नाही. एजंटकडे दिलं तरी अर्ज क्रमांक दोघांकडेही असावा.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्यावेत, म्हणजे नोंद राहते. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, हेही महागड्या कस्टम गाड्यांच्या बाबतीत लक्षात ठेवावं.

स्टॅम्प पेपरवर, म्हणजे बोलीभाषेतल्या बाँडवर, ताबा पावती करायची. त्यात गाडीचा, चेसिसचा, इंजिनाचा नंबर, किंमत, किलोमीटरचं रीडिंग आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ असावी. वेळ यासाठी की, त्याच संध्याकाळी काही घडलं तर गाडी कुणाच्या हातात होती हे दाखवता येतं. कस्टम गाडीसाठी आणखी एक यादी जोडायची. कोणते बदल केलेले आहेत, कोणते मूळ पार्ट सोबत दिले, कोणत्या बदलाची आरसीत नोंद आहे. यामुळे 'मला सांगितलंच नाही' हा वाद राहत नाही. अर्थात, ही पावती पोलिसांना माहिती द्यायला कामी येते, ती आरसीची जागा घेत नाही. नवीन कुमारच्या निकालाचा धडाच तो आहे.

विम्याचंही तसंच. गाडी हस्तांतरित झाली की पॉलिसीही नव्या मालकाकडे गेली असं कायदा मानतो, पण कलम १५७ नुसार त्यानं १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. नाव बदललं नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. मॉडिफिकेशन कंपनीला कळवलेलं नसेल तर त्या कारणानंही दावा नाकारला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो विकणाऱ्यानं आपल्या पुढच्या गाडीसाठी राखून ठेवावा.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबर प्लेट, बसवलेली आहे का हेही याच दिवशी पाहून घ्यावं.

आणि विकणाऱ्याचं शेवटचं काम. महिनाभरानं एमपरिवहनवर आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून पाहायचा. मालकाच्या रकान्यातली आद्याक्षरं अजून आपलीच असतील, तर घेणाऱ्याला फोन करायचा आणि आपण आरटीओला विक्री कळवल्याची पोच शोधून ठेवायची. ही पोच नसेल तर त्याच दिवशी कळवायचं. होटगी रोडच्या त्या तरुणाला किल्ली देताना "घाई नाही" म्हणणाऱ्याला खरी घाई स्वतःचीच असायला हवी.